तळव्यातला खळगा

आयुष्यात मनापासून अशी साफसफाई मी एकदाच केली, आणि तिच्यापायी एकशेवीस हात वितळवावे लागले.

हात पोलादाचे होते. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण हा किस्सा मी जिथे सांगतो तिथे याच वाक्याला कुणीतरी हातातला कप खाली ठेवतं.

झालं असं, की आतोबा गेल्यावर महिन्याभराने त्यांचं टेबल मला मिळालं. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. दोघंही एकाच कास्टिंगच्या कारखान्यात, आणि त्यांच्याच वशिल्याने मीही तिथे चिकटलेला. आतोबा मेणखात्यात होते. मेणखातं ही आमच्याकडची एकमेव गार खोली. खिडकी नाही, वारा नाही, बारा महिने एकच थंडी, कारण मेणाला ऊब सोसत नाही. बाहेर भट्टी धगधगायची आणि आत आम्ही स्वेटर घालून बसायचो. त्या खोलीत मागच्या भिंतीला पाठ लावून आतोबा सव्वीस वर्षं बसले. टेबलाच्या लाकडात त्यांच्या कोपरांनी दोन खोलगट जागा झिजवल्या होत्या.

मला वाटलं, मोठ्या माणसाची जागा मिळाली, ती आधी स्वच्छ करावी. खण उपसला. एका काडीचा चष्मा, मोडका कंगवा, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं, बुटाच्या पॉलिशची गंजकी डबी आणि तिच्यात तपकिरी मेणाचा एक मळका गोळा. माणूस गेला की त्याच्या वस्तू एका रात्रीत भंगार दिसायला लागतात. सगळं पिंपात टाकलं, टेबल साबणाच्या पाण्याने पुसलं आणि वर हात जोडले. काम फार छान झालं असं वाटून त्या दिवशी मी स्वतःवरच खूश होतो.

जेवणाच्या सुट्टीत आत्या आली. घरी ती 'अगं आत्या' आणि कारखान्यात 'अहो बाई'; दोन्ही एकदम तोंडात आले की मी गप्पच बसत असे. तिने कोऱ्या टेबलाकडे पाहिलं. सगळं टाकलंस का, म्हणून विचारलं. कचराच होता, मी म्हटलं. त्यावर ती 'हं' म्हणाली. आत्याच्या 'हं'मध्ये पास नसे की नापास नसे. वस्तू बाजूला ठेवली आहे, पुन्हा बघू, एवढंच असे.

आमचा धंदा समजायला सोपा आणि नीट विचार केला तर जरा भीतीदायक आहे. जी वस्तू पोलादाची हवी ती आधी मेणाची करायची. अशा दहाबारा वस्तू मेणाच्या एका दांड्याला चिकटवायच्या. त्याला आम्ही झाड म्हणतो. ते झाड पांढऱ्या लगद्यात बुडवायचं, वर वाळू, पुन्हा लगदा, असे सातआठ थर. वाळून कडक कवच झालं की ते तापवून आतलं मेण काढून टाकायचं. आत उरते ती मेणाची रिकामी जागा, अगदी हुबेहूब. तिच्यात वितळलेलं पोलाद ओतायचं. मेणावर केस पडला असेल तर पोलादावरही केस उमटतो. आतोबा म्हणायचे, आपलं काम फक्त जागा सोडायचं, भरणारे दुसरे.

आणि भरलेलं तपासायची आत्या. तिची खोली कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला. दाराला जाड काळे पडदे, एकामागे एक दोन. भर दुपारी बारा वाजता आत गेलात तरी स्वतःचा हात दिसायचा नाही. पहिली दहा मिनिटं ती नुसती बसून राहायची, डोळ्यांची आणि अंधाराची ओळख होईपर्यंत. मग जांभळा दिवा लावायची. कास्टिंग आधी एका चमकणाऱ्या तेलात बुडवून, धुऊन, वर पांढरी भुकटी मारून आलेलं असे. जिथे भेग किंवा छिद्र असेल तिथे तेल मुरून बसतं, आणि जांभळ्या दिव्यात तिथून हिरवट पिवळा उजेड पाझरायला लागतो. त्यामुळे त्या खोलीत सगळंच उलटं. उजेड दिसला की वाईट, अंधार राहिला की चांगलं. त्या दिव्यात माणसाचे दातही उजळतात. आत्याचे पुढचे दोन दात खोटे, ते तेवढे काळे राहायचे. ती हसली की अंधारात नुसतं एक हसू दिसायचं आणि त्या हसण्याला मधोमध एक दार. नवीन माणसं त्या खोलीत दुसऱ्यांदा जायला कांकू करत, ती बहुधा याचमुळे.

तिच्या किल्ल्यांच्या जुडग्यात एक छोटा गोल शिक्का होता. तो बसल्याशिवाय कारखान्यातून खिळासुद्धा बाहेर जात नसे. म्हणजे नवऱ्याने करायचं आणि बायकोने नापास करायचं, असा तो संसार. तो टिकावा म्हणून घरी कारखान्याचं नाव काढायचं नाही, असं त्यांनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी ठरवलं होतं. दोघांनीही ते इतकं पाळलं, की दुसऱ्याच्या खोलीत नेमकं काय चालतं ते दोघांनाही कधी कळलं नाही.

आता पंजा. लिफ्टच्या खाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी, एक पोलादी पंजा बसवलेला असतो. लिफ्टचा दोर तुटला तर तो बाजूच्या रुळाला आवळून धरतो आणि लिफ्ट जागच्या जागी थांबते. जन्मभर त्याला काही काम नसतं. असलंच तर एकदाच असतं, आणि नेमकी त्या दिवशी त्याने रजा टाकून चालत नाही. आमच्याकडे व्हायचा तो पंजा खरोखर हातासारखा होता: जाड तळवा, पुढे वाकलेली तीन बोटं आणि बाजूला अंगठा. वर्षातून एकदा त्याची मागणी यायची, आणि अठरा वर्षं त्याची झाडं आतोबांनीच बांधली होती. या वर्षी ती माझ्याकडे आली. माझं पहिलं झाड लगद्यातून वर आलं तेव्हा वाटलं, खाली कुणीतरी बुडतंय आणि वर हात करतंय. बारा हात. बोटांच्या टोकांवरून लगदा ठिबकत होता. मी हसून सोडून दिलं. पण त्या दिवशी हाताने जेवलो नाही, चमचा मागून घेतला.

पोलाद ओतून झालं, कवचं फुटली, पंजे कापून वेगळे झाले, आणि दोन दिवसांनी आत्याचा निरोप आला की येऊन जा.

आम्ही दहा मिनिटं अंधारात बसलो. कोपऱ्यातला नळ ठिबकत होता. मग दिवा लागला. टेबलावर बारा पंजे उताणे मांडले होते, जांभळ्या काळोखात त्यांच्या नुसत्या कडा दिसत होत्या. आधी काहीच नव्हतं. मग एका तळव्यात, अंगठ्याच्या मुळाशी, हिरवा ठिपका उगवला. शेजारच्या तळव्यात दुसरा. एकेक करत बाराही तळव्यांत उजेड पाझरला, एकाच जागी, एकाच आकाराचा. लांबट गोल, एका बाजूला किंचित रुंद. ओल्या मातीत कुणीतरी अंगठा दाबावा तसा.

आत्याने माझा हात धरून एका तळव्यावर नेला. उजेडाच्या जागी खळगा लागला, गार आणि किंचित खरखरीत. मी अंगठा ठेवून पाहिला. खळगा मोठा होता.

"माझाही बसत नाही," आत्या म्हणाली.

आतोबांचा अंगठा रुंद होता हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक. लहानपणी ते माझ्या कपाळावर तो टेकवून 'पास' म्हणायचे, तेव्हा भुवईपासून केसांपर्यंत सगळं झाकून जायचं. त्या अंधारात हे दोघांनाही आठवलं असणार. बाकीची नऊ झाडंही तिने पाहिली होती. एकशेवीस तळवे, एकशेवीस अंगठे.

गोष्ट पडद्याबाहेर जायला एक दिवस लागला. मेणखात्यात एक बाई होती, तिला सगळे डिंक म्हणत, कारण ती एखाद्या विषयाला चिकटली की सुटत नसे. तिने संध्याकाळपर्यंत सिद्ध करून दाखवलं की काका, म्हणजे आतोबा, परत आलेत. काका प्रत्येक पंज्यावर शेवटी अंगठा फिरवायचे, लेकराच्या गालावरून फिरवावा तसा, नेमका त्याच जागी. हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. आता काका नाहीत आणि अंगठा आहे, तर याचा दुसरा काय अर्थ लावायचा ते शहाण्यांनी तिला सांगावं. शहाण्यांपैकी कुणी पुढे आलं नाही. माझ्या टेबलाजवळची तीन स्टुलं रिकामी झाली. वितळलेल्या पोलादापुढे बिनधास्त उभा राहणारा भट्टीवाला मेणखात्यात शिरताना दारात खाकरायला लागला. मी स्वतः भित्रा नाही. फक्त त्या आठवड्यात खुर्ची हातभर मागे ओढून, हात लांब करून काम करत होतो. त्या दोन झिजलेल्या जागांत कोपरं टेकवायची माझी छाती होईना.

आता यात भुताचं काहीच नव्हतं, हे आत्याला पहिल्या मिनिटाला कळायला हवं होतं. पोलाद थंड होताना आकसतं. जी जागा सगळ्यात शेवटी गोठते तिच्या आजूबाजूचं तोवर घट्ट होऊन बसलेलं असतं, आणि तिची तूट भरून काढायला कुणी उरत नाही. मग ती जागा आत ओढली जाते आणि वर खळगा पडतो. कारखान्यात त्याला श्रिंकेज म्हणतात. माझ्या जन्माआधीपासून आत्या ते ओळखत होती. पण या वेळी तिने तो शब्दच उच्चारला नाही. साहेबांनी विचारलं, डिंकने विचारलं, मी विचारलं. सगळ्यांना एकच उत्तर मिळालं: बघते. मला ही गोष्ट त्या बारा हिरव्या ठिपक्यांहून विचित्र वाटली.

त्याच संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. ती स्वयंपाकघरात वाटाण्याच्या शेंगा सोलत बसली होती. खिडकीच्या कट्ट्यावर एक पंजा उताणा ठेवलेला, त्याच्या वाकलेल्या बोटांत घराच्या किल्ल्या अडकवलेल्या. शेंगा सोलता सोलता तिचा डावा हात मधूनच खिडकीकडे जायचा आणि अंगठा त्या खळग्यात जाऊन टेकायचा, थोडा वेळ थांबायचा, परत शेंगांकडे यायचा. तिला ते कळतही नसावं. बाहेरच्या खोलीत टीव्हीवर उद्याचं हवामान सांगत होते. आतोबांच्या खुर्चीवर धुतलेल्या कपड्यांची चळत होती. ती उचलून मी बसायला गेलो, तर आत्या शेंगांवरून नजर न काढता म्हणाली, तिथे नको, इथे ये. मी जमिनीवर बसलो. सगळ्या कारखान्यात जिच्या शिक्क्याला लोक टरकून असत, ती बाई एका नापास कास्टिंगला खिडकीत घर देऊन बसली होती.

इकडे साहेबांना घाई. शनिवारी गाडी लागणार होती. साहेब भला माणूस, भुताला घाबरत नसे, उशिराला घाबरे. त्यांचं म्हणणं, खळगे वेल्डिंगने भरा, घासून सारखे करा, आणि बाईंनी शिक्का मारावा. वरवरच्या खळग्यांना असं करतातही, त्यात लबाडी नाही. पण खळगा वरवरचा नसेल तर? तर कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी दिवशी दोर तुटेल, पंजा मूठ आवळेल, आणि त्याचा अंगठाच गळून पडेल. हे सगळं एका शिक्क्यावर आलं होतं. तो मारायचा नसेल तर आत्याला आपल्या तोंडाने म्हणावं लागणार होतं, की हा अंगठा नव्हे.

शुक्रवारी सकाळी तिने एक पंजा ग्राइंडरवर घ्यायला सांगितला. खळगा तळ लागेपर्यंत घासायचा, पुन्हा तेल, पुन्हा भुकटी, पुन्हा अंधार. जखम वरची असेल तर उजेड विझायला हवा. विझला नाही. आणखी घासलं. उजेड लहान झाला, पण तेज झाला. आणखी घासलं. आत कुणीतरी कंदील घेऊन जिना उतरतंय आणि आम्ही त्याच्या मागोमाग चाललोय, असं वाटायला लागलं. आत्या दर वेळी वाकून बघायची आणि पंजा परत माझ्या हातात द्यायची. चौथ्या खेपेला दिव्याखाली तिने त्याला नुसतं बोट लावलं आणि अंगठा तळव्यापासून सुटून टेबलावर पडला. आवाज अगदी लहान झाला, खडू मोडल्यासारखा. आत्याने दिवा बंद केला. आम्ही पुन्हा बराच वेळ अंधारात बसलो. या वेळी डोळ्यांना सवय होण्यासाठी नव्हे.

मग तिने पडदे सारले आणि तुटलेल्या जागेवर भिंग धरून मला बघायला लावलं. काय दिसतं, म्हणाली. मला झाडं दिसत होती. केसाहून बारीक, फांदीला फांदी फुटलेली, सुरूच्या दाट बनासारखी, आणि सगळं बन पोलादाचं. तिथे वारा नव्हता, पक्षी नव्हते, आणि कुठून तरी कुणीतरी बाहेर येईल असं वाटत होतं.

"अंगठा असता तर रेषा असत्या," ती म्हणाली. "पोलादाला भर मिळाली नाही की अशी झाडं उघडी पडतात. हे श्रिंकेज आहे."

शब्द एकदाचा उच्चारला गेला. मला वाटलं ती रडेल. ती उठली आणि स्वेटर शोधायला लागली. तिला मेणखात्यात यायचं होतं.

प्रश्न असा होता की मग अठरा वर्षं हे का झालं नाही. पोलाद तेच, भट्टी तीच, मेण ओतायचा साचा तोच, ड्रॉइंग तेच. बदललेली गोष्ट एकच, आणि ती तिच्यासमोर लोकरीची टोपी घालून उभी होती. तिने मला एक पंजा झाडावर बसवून दाखवायला सांगितला. मी दाखवला. साच्यातून काढला, कडा खरवडल्या, गरम सुरीने दांड्याला चिकटवला. एवढंच, तिने विचारलं. एवढंच, मी म्हटलं.

"त्या दिवशी पिंपात काय काय टाकलंस? एकेक करून सांग."

मी आरोपीसारखा उभा राहून यादी म्हटली. चष्मा. कंगवा. गोळ्यांच्या पट्ट्या. शब्दकोडं. पॉलिशची डबी, तिच्यात मेणाचा गोळा. इथे तिने हात वर केला. त्या गोळ्यावर काही होतं का? होता, एक खळगा होता. लांबट गोल, एका बाजूला किंचित रुंद. सांगता सांगता माझाच आवाज बारीक होत गेला. तेवढ्यात डिंक, जी इतका वेळ दारात उभी राहून आमच्याकडे बघत नसल्याचं दाखवत होती, ती म्हणाली की काका अंगठा आधी डबीत फिरवायचे आणि मग पंज्यावर. आम्हाला वाटायचं, सवय आहे.

साहेबांच्या टेबलावर कागदांवर वजन म्हणून एक जुना पंजा पडलेला असे. काही वर्षांपूर्वी एक बोट अर्धवट भरलं म्हणून नापास झालेला, आतोबांच्या हातचा. आत्याने तो विचारल्याशिवाय उचलला. कागद उडाले. खिडकीच्या तिरप्या उजेडात तिने अंगठ्याचा आतला कोपरा भिंगाखाली धरला. माझ्या पंज्यांत तो कोपरा सुरीने कापल्यासारखा टोकदार होता. या पंज्यात तो वाटीसारखा गोल होता, भरलेला, गुळगुळीत. आणि त्या गोलाईत रेषा होत्या. वळणावळणांच्या, अगदी स्पष्ट, आणि त्यांना आडवी छेदून गेलेली एक जाड रेघ. ती बटाटे चिरताना आतोबांना झालेल्या जखमेची खूण; टाके घालायला आत्याच त्यांना घेऊन गेली होती. भिंगासाठी मी हात पुढे केला. तिने दिलं नाही. बराच वेळ दिलं नाही.

टोकदार कोपरा उष्णता धरून ठेवतो, शेवटी गोठतो आणि खचतो. डबीतलं मेण भरून गोल केला की खचत नाही. बस, इतकंच होतं. साहेबांना आता आठवलं, की फार वर्षांपूर्वी मेणखात्यातला कुणीतरी येऊन म्हणाला होता, या कोपऱ्याला जरा गोलाई हवी. त्याला सांगितलं होतं की ड्रॉइंग म्हणजे ड्रॉइंग. आतोबांनी मान डोलावली असेल आणि घरी जाऊन रिकामी डबी शोधली असेल.

म्हणजे आम्ही सगळे उलट्या बाजूला घाबरलो होतो. आतोबांचा अंगठा होता तो जुन्या, पास झालेल्या, चकचकीत पंज्यांत. गेली अठरा वर्षं आत्याच्या शिक्क्याखालून तो गुपचूप बाहेर पडत होता आणि कुठल्या कुठल्या इमारतींत, लिफ्टच्या खाली, अंधारात जाऊन बसत होता. माझ्या एकशेवीस पंज्यांत तो नव्हता, आणि नेमका त्याच्या मापाने नव्हता.

साहेब हळू आवाजात म्हणाले, बाई, कारण दुसरं काही लिहू या. कवच ओलं राहिलं, असं लिहा. अठरा वर्षं ड्रॉइंगबाहेर काम झालं हे कागदावर आलं तर गेलेल्या माणसाच्या नावाला बट्टा लागेल. आत्याने त्यांच्याच टेबलावरून पेन उचललं आणि उभ्या उभ्या लिहिलं: आतला कोपरा टोकदार. माझे यजमान तो हाताने भरत असत, नोंद केलेली नाही. तपासनीस म्हणून माझ्या लक्षात आलं नाही. वेल्डिंग चालणार नाही, सर्व नग वितळवावेत. खाली सही केली आणि त्यावर शिक्का मारला. त्या आठवड्यात तिने मारलेला तो पहिला शिक्का.

शनिवारी गाडी रिकामी परत गेली. पंजे भट्टीकडे न्यायला मोजले. एक अंगठ्यावाचून होता तो धरून, एकशे एकोणीस भरले. भट्टीवाला पुन्हा मोजू लागला. एकशेविसावा कुठे आहे हे मला माहीत होतं आणि मी माझ्या बुटांचं निरीक्षण करत होतो. तेवढ्यात आत्या फाटकातून आत आली, खांद्याला कापडी पिशवी, एका हातात घराच्या किल्ल्या सुट्ट्या धरलेल्या. पिशवीतून तिने पंजा काढला, एकदा उलटा करून पाहिला, आणि ढिगाच्या वर ठेवला. भट्टीवाल्याने खाकरणंही टाळलं.

साच्यात कायमची दुरुस्ती करायचं ठरलं. साचा दुरुस्त करणारा मिस्त्री गोलाई किती ठेवायची म्हणून विचारायला आला तेव्हा साहेब पुस्तकं काढून बसले होते. आत्याने साहेबांच्या कागदांवर ठेवलेला तो जुना पंजा मिस्त्रीच्या हातात ठेवला आणि एवढी, म्हणाली. त्याने अंगठ्याच्या कोपऱ्यात माप लावलं, आकडा लिहून घेतला, आणि तोच आकडा पुढे ड्रॉइंगवर चढला. आता डबी लागत नाही. साच्यातूनच कोपरा गोल येतो, फक्त रेषा नसतात.

नव्या साच्यातलं पहिलं झाड तपासायला तिने मला पुन्हा बोलावलं. दहा मिनिटं अंधार, ठिबकणारा नळ, मग जांभळा दिवा. बारा तळवे उताणे. मी ठिपक्याची वाट बघत होतो. एक मिनिट गेलं, पाच गेली. बारा तळवे काळेच राहिले. मग त्या काळोखात, टेबलाच्या पलीकडे, एक हसू दिसलं, मधोमध दार असलेलं.

यालाही आता वर्ष होऊन गेलं. टेबलाच्या त्या दोन खोलगट जागांत मी कोपरं टेकवतो, माझ्या कोपरांना त्या ऐसपैस होतात. आत्याला दर वर्षी डोळे तपासून कारखान्यात चिठ्ठी द्यावी लागते, आणि सोबतीला मी जातो. डोळ्यांचे डॉक्टर पाचव्या मजल्यावर बसतात. परवा आम्ही दोघंच लिफ्टमध्ये होतो. तिसऱ्या मजल्यानंतर लिफ्टने एक आचका दिला, दिवा मिचकावला, आणि ती दोन मजल्यांच्या मध्ये थांबली. पायांखाली, खोल कुठेतरी, लोखंडाला लोखंड घासल्यासारखा बारीक आवाज आला. आत्याने मान खाली घालून जमिनीकडे पाहिलं. मीही पाहिलं. रबराची काळी चटई होती, तिच्यावर कुणाचा तरी चिखलाचा बूट उमटला होता.

माणूस अशा वेळी जे एरवी विचारत नाही ते विचारतो. मी म्हटलं, आत्या, खरं सांग, त्या आठवड्यात तुला वाटलं होतं ना, की आतोबाच आलेत?

लिफ्ट हलली आणि वर जाऊ लागली. आत्याने चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

"आले असते तर आधी तुझ्याकडे डबी मागितली असती."